खातं आपलं, पैसा कुणाचा?

शेजारच्या काकू आल्या तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "अगं, तो मुलगा म्हणतोय, नवीन खातं उघडून एटीएम कार्ड आणि सिमकार्ड त्याला द्यायचं. महिन्याला तीन हजार मिळतील. देऊ का?" मुलगा आमच्याच गल्लीतला, गणपतीची वर्गणी मागायला येणारा. मी लाटणं न थांबवता म्हटलं, "खात्यात तुमचे पैसेच नाहीत, तर जाणार काय?"

दोन महिन्यांनी खातं गोठलं. मागोमाग पोलिसांची नोटीस. परराज्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटके'ची धमकी देऊन कुणीतरी लुटलं होतं. तो पैसा काकूंच्या खात्यातून पुढे गेला होता.

मैत्रिणींनो, असे कितीतरी फोन म्यानमार, कंबोडियातल्या कुंपणाआडच्या इमारतींतून येतात. तिथे बसवलेली मुलंही पुष्कळदा फसवून नेलेली. थायलंडमध्ये नोकरी म्हणायचं आणि सीमेपलीकडे म्यावाडीला पोचवायचं! संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालात म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसं अशी अडकली असावीत, असा अंदाज आहे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं.

पण टोळी तिकडे असली, तरी लुटीचा पैसा आधी इथल्याच खात्यात पडावा लागतो. तिथून तो काही मिनिटांत अनेक खात्यांत फुटतो, कधी क्रिप्टो होऊन देशाबाहेर जातो. बँकवाले अशा खात्याला 'म्यूल अकाउंट' म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं. आणि हे खेचर शोधायला कुणी परका येत नाही. येतो तो ओळखीचा, कमिशनवर काम करणारा, 'काकू' म्हणून हाक मारणारा.

म्हणून खातं, कार्ड, सिम, ओटीपी कुणालाही देऊ नका, अगदी भाच्यालासुद्धा. 'डिजिटल अटक' असं काही कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितकी घाई, तितकी पैसे अडवता येण्याची आशा.

जबाब द्यायला काकूंबरोबर मी गेले होते. परतताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "ती बाई माझ्याच वयाची असेल ना गं?"

मला उत्तर देता आलं नाही. 'जाणार काय?' असं मीच तर विचारलं होतं.