जुळणी रायफलची (भाग ४) : कायद्याला दिसते ती बंदूक

या आठवड्यात नळीच्या आतल्या पिळाचं गणित मांडायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतोय, कारण मागच्या भागावर ह्यूस्टनजवळच्या एका वाचकाचं पत्र आलंय. तो लिहितो, 'सर, लोअर म्हणजे नुसता ॲल्युमिनियमचा सांगाडा. त्याला नळी नाही, चाप नाही, घोडा नाही. मी एच-१बीवर आहे. एवढा एक तुकडा मागवला तर काय बिघडलं?'

बिघडेल, आणि फार बिघडेल. एआर-१५ पुरतं बोलायचं तर कायद्याच्या नजरेत तो तुकडा हीच बंदूक आहे. नळी, बोल्ट, दस्ता, अप्पर हे सगळं बहुतेक राज्यांत टपालाने थेट घरी येतं. क्रमांक कोरलेला लोअर मात्र दुसऱ्या राज्यातून मागवला की परवानाधारक दुकानदाराकडेच उतरतो. तिथे जाऊन ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, तपासणी होऊ द्यायची आणि मग तो हातात घ्यायचा. तयार रायफल दुकानातून घ्यायला केंद्रीय कायद्याने वय १८ पुरतं. सुट्या लोअरला मात्र २१ लागतं, कारण त्यातून पुढे पिस्तूलही घडू शकतं. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना १९६८च्या कायद्यातल्या पुढच्या दुरुस्तीने मनाई आहे. राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर अपवादाचं एक दार उघडं आहे, पण त्यातून आत जायच्या आधी इमिग्रेशनचा वकील गाठावा. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही.

आता माझा आवडता विषय. लोअरच का? अप्पर का नाही?

१९६८च्या गन कंट्रोल ॲक्टने 'फ्रेम किंवा रिसीव्हर' यालाही बंदूक ठरवलं. त्याखालच्या नियमात रिसीव्हरचं वर्णन आलं : ज्यात घोडा, बोल्ट आणि बार उडवणारी यंत्रणा बसते आणि ज्याच्या पुढच्या टोकाला सहसा नळीसाठी आटे असतात, तो भाग. जुन्या बोल्ट ॲक्शन रायफलीला हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण युजीन स्टोनरने आर्मालाइटमध्ये जी रायफल आखली ती मुळात दोन तुकड्यांची. पुढची एक खीळ तशीच ठेवून मागची काढली की वरचा भाग उचलला जातो. घोडा आणि चाप खाली. बोल्ट आणि नळी वर. म्हणजे ते वर्णन अर्धं खालच्या तुकड्याला लागू, अर्धं वरच्याला, पुरतं कोणालाच नाही! सरकारी खात्याने लोअर ही बंदूक धरली आणि अनेक वर्षं कोणी ब्र काढला नाही. मग कॅलिफोर्निया आणि ओहायोतल्या खटल्यांत बचावाच्या वकिलांनी नेमकी ही फट पकडली आणि न्यायाधीशांनाही ती पटली. शेवटी २०२२च्या नव्या नियमात एआर-१५च्या लोअरचं नाव घेऊनच लिहिलं गेलं. त्याच नियमातल्या अर्धवट घडवलेल्या भागांच्या कलमांना दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळलं.

गंमत अशी की कायद्याने ज्याला एवढा मान दिला, त्याच्या वाट्याला रायफलीतलं हलकं काम आहे. बार उडताना .२२३च्या काडतुसात दर चौरस इंचाला ५५ हजार पौंडांपर्यंत दाब चढतो. तो झेलतात बोल्टच्या तोंडावरचे दात आणि नळीच्या मागे बसवलेला पोलादी तुकडा, ज्यात ते दात अडकतात. दोन्ही वरच्या भागात. लोअर फक्त चाप, मॅगझीन आणि दस्ता सांभाळतो. म्हणून पहिल्या रायफलीसाठी लोअरवर पैसा ओतणाऱ्याला मी वेड्यात काढतो. ७०७५-टी६ मिश्रधातूचा, घणाखाली घडवलेला साधा लोअर शंभर डॉलरच्या आसपास मिळतो. मोजक्या फोर्जमधून निघालेले हे कच्चे तुकडे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. ठोकळ्यातून कोरलेला 'बिलेट' लोअर दिसायला देखणा, पण पुष्कळदा ६०६१चा असतो आणि तो धातू ७०७५पेक्षा बराच मऊ. जास्तीचे पैसे जातात ते रूपाला. प्लास्टिकचे लोअर पहिल्या खेपेला टाळाच. ते तुटतात ते बहुधा मागच्या कड्यापाशी, जिथे दस्त्याची नळी आट्यांवर चढते.

दुकानात काय बघायचं? रिकामं मॅगझीन घालून खटका दाबा. ते स्वतःच्या वजनाने खाली आलं पाहिजे. घोडा आणि चाप यांच्या खिळींची भोकं ०.१५४ इंचाची आहेत ना, हे विचारा. कोल्टच्या काही जुन्या नागरी रायफलींत ती ०.१७० इंचाची होती. अप्पर आणि लोअर जोडल्यावर किंचित हलले तर घाबरू नका, नेमावर त्याचा परिणाम होत नाही. अंगावर 'मल्टी' कोरलं असेल तर काडतुसाची निवड नंतर करता येते, पण .३०८चा विचार असेल तर हा लोअर चालणार नाही. त्या मोठ्या चणीच्या रायफलींना एकच एक मानक नाही.

चापाभोवतीची कडी घडीव लोअरला वेगळी बसवावी लागते. तिची रोल पिन ज्या दोन कानांतून जाते ते अगदी पातळ असतात. खाली आधार न देता हातोडी मारली की कान टचकन तुटतो आणि कोराकरकरीत लोअर बाद होतो. कानाखाली लाकडाचा ठोकळा घट्ट बसवा आणि हलक्या हाताने ठोका. एवढ्याचीही धास्ती वाटत असेल तर कडी अंगातच घडवलेला लोअर घ्या. थोडे जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही अशी ही एकच गोष्ट.

इलिनॉय, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात राहत असाल तर यातलं बरंचसं लागू नाही. तिथले निर्बंध आधी वाचा, पैसे नंतर खर्च करा. आणि सुट्टीत मायदेशी निघताना कुठलाही सुटा भाग बॅगेत टाकू नका. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही शस्त्रच आहेत. नळीचा पीळ पुढच्या आठवड्यात नक्की.