सहायक आरोग्य व्यावसायिकांचे अर्हता-सत्यापन व नियतकालिक पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना :
रुग्णालय म्हटले की डॉक्टर व परिचारिका डोळ्यांसमोर येतात. परंतु रक्तगट तपासणारा प्रयोगशाळा तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ यांच्या अचूकतेवरही रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. भिवंडीसारख्या यंत्रमागनगरीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात येणारा कामगार तंत्रज्ञाची अर्हता विचारीत बसत नाही. ती तपासण्याचे दायित्व कोणत्याही रुग्णालयाचे स्वतःचेच असते. प्रस्तुत लेखात या दायित्वाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना :
नोंदणी, अर्हता-सत्यापन व कार्याधिकार या तीन भिन्न बाबी होत. नोंदणी वैधानिक परिषद करते. अर्हता-सत्यापनात रुग्णालय पदविका, नोंदणी व अनुभव यांची खातरजमा थेट मूळ संस्थेकडून करून घेते. केवळ छायांकित प्रत पुरेशी नसते. कार्याधिकार म्हणजे कोणते काम स्वतंत्रपणे व कोणते देखरेखीखाली करावे, याचा लेखी निर्णय. साध्या क्ष-किरण चित्रणात निष्णात असलेला तंत्रज्ञ सी. टी. स्कॅनसाठी आपोआप पात्र ठरत नाही.

पुनर्मूल्यांकनाची आवश्यकता :
पदविका एकदाच मिळते. यंत्रे व कार्यपद्धती मात्र बदलत राहतात. म्हणून ठरावीक कालावधीनंतर नोंदणीची वैधता, प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण, झालेल्या चुका व घेतलेले प्रशिक्षण यांच्या आधारे कार्याधिकार कायम ठेवणे, वाढविणे वा मर्यादित करणे आवश्यक ठरते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने डॉक्टरांच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० श्रेयांकांची अट घातली आहे. तंत्रज्ञांनाही अशी शिस्त लागू व्हावी, हे तर्कसंगत आहे.

वैधानिक चौकट :
राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ अन्वये राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा व नोंदवह्या यांची तरतूद झाली. सहायक आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे शिक्षण आवश्यक मानले गेले. अंमलबजावणी रेंगाळल्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास केंद्र व राज्यांना निर्देश द्यावे लागले. तथापि, नोंदवही केवळ पात्रता सांगते. आजच्या कामाची गुणवत्ता रुग्णालयानेच पाहावयाची असते.

समारोप :
मूल्यांकनाचे अर्ज भरणे आपणा अध्यापकांना नवीन नाही. कागद पूर्ण झाले म्हणजे अध्यापन सुधारले, असे होत नाही, हेही आपण जाणतो. रुग्णालयात हीच औपचारिकता चुकीच्या गटाच्या रक्तापर्यंत पोहोचू शकते. म्हणून पुनर्मूल्यांकन कंत्राटी कर्मचाऱ्यांसह सर्वांचे, प्रत्यक्ष कामावर आधारित व शिक्षेऐवजी प्रशिक्षणाकडे नेणारे असावे.