औषधांच्या खिडकीमागचा सहकारी

आमची चिठ्ठी घेऊन निघालेली आई शेवटी औषधांच्या खिडकीशी जाऊन थांबते. त्या खिडकीतून केवळ बाटल्या दिल्या जातात, अशी माझीही कित्येक वर्षे समजूत होती. एके दुपारी आमचे औषधनिर्माते चिठ्ठी घेऊन माझ्या खोलीत आले व म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे सहा मिली ड्रॉप्सचे की सिरपचे?" दहा किलो वजनाच्या मुलासाठी मी सिरपची मात्रा मोजली होती आणि घाईत लिहिले होते ड्रॉप्स. पॅरासिटामॉलच्या साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५ मिग्रॅ औषध असते. ड्रॉप्समध्ये १ मिलीतच १००. मुलाला प्रत्येक वेळी १५० ऐवजी ६०० मिग्रॅ औषध गेले असते. खरे सांगायचे तर, चूक उमगण्याआधी मला त्यांचा रागच आला होता. बाहेर रांग होती ना!

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्याचा आहे. २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हेही त्याचे कर्तव्य ठरविले. मात्र चिठ्ठी अडविण्याचे धैर्य त्याला आमच्या वागण्यातूनच मिळते किंवा मिळत नाही.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. न्या. लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची ढिलाई उघड झाली. २०२५ मध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात, तेच विष खोकल्याच्या औषधातून मुलांच्या पोटात गेले. तपासणीत त्याचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्का. वीसहून अधिक बालके गेली. बालरोगतज्ज्ञ म्हणून त्या बातम्या वाचताना हात थिजत असे.

असे विष खिडकीमागच्या माणसाला डोळ्यांनी ओळखता येत नाही, हे मान्य. परंतु कोणत्या बॅचची बाटली कोणत्या घरी गेली, याची नोंद त्याच्याकडे असेल तर इशारा येताच उरलेल्या बाटल्या परत मागवता येतात. शिवाय क्लोरफेनिरामिन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिली होती. मुलाचे वय विचारले, तर ती बाटली खिडकीतच अडते.

मलाजखंडच्या आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या गोंड-बैगा आयांना कोरड्या पावडरीच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंतच घालायचे, हे त्यांच्या बोलीत सांगणारा बहुधा तोच असतो. माझे हिंदी त्यांच्यापर्यंत अर्धेच पोचते.

त्या दुपारनंतर मी चिठ्ठीवर मुलाचे वजन व मात्रा मिलिग्रॅममध्येही लिहू लागलो. औषधनिर्माते अजूनही अधूनमधून दार ढकलून आत येतात. मी रांग थांबवितो.