ऊब आतल्या कपड्याची

माझा भाचा तारकर्लीला स्कूबा शिकला. तिथल्या पाण्यात अंगात एक पातळ शर्ट असला तरी तास सहज निघतो. आता नोकरीसाठी तो स्कॉटलंडला येतोय. परवा फोनवर त्याने विचारलं, “आत्या, ड्रायसूट कोणता घेऊ?” मी म्हटलं, “सूट नंतर बघू. आधी आत काय घालणार ते ठरव.” फोन ठेवला आणि माळ्यावरचे जुने अंडरसूट खाली काढले. १९९१ पासूनचे चार निघाले. ते पलंगावर ओळीने मांडल्यावर वाटलं, त्याला उत्तर द्यायचं तर हा सगळा प्रवासच सांगायला हवा.

ड्रायसूट पाणी बाहेर ठेवतो. ऊब देणं हे त्याचं काम नव्हेच, निदान हल्लीच्या पातळ कापडी सूटचं तरी नव्हे. आपल्याकडचा रेनकोट जसा भिजू देत नाही पण थंडीही अडवत नाही, तसंच हे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. त्या पाण्यात आणि आपल्या कातडीत जो हवेचा थर अडकून राहतो, तीच खरी ऊब. आतल्या कपड्याचं काम तेवढंच: हवा धरून ठेवायची आणि जागची हलू द्यायची नाही.

हे जुन्या पाणबुड्यांना अनुभवाने कळलेलं होतं. १८३० च्या दशकात ऑगस्टस सीबे यांनी लंडनमध्ये शिरस्त्राण आणि बंद पोशाख एकत्र आणला, त्यात माणूस कोरडा राहायचा आणि आत लोकरीवर लोकर चढवायचा. लोकरीचे जर्सी, लोकरीचे लांब मोजे, डोक्याला लोकरीची टोपी. १८३९ पासून कर्नल पॅस्ली यांच्या हाताखाली याच पोशाखातल्या पाणबुड्यांनी स्पिटहेडजवळ बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ जहाजाचे अवशेष काढले. मुरलेल्या पाणबुड्यांनाही तिथे सांधेदुखी आणि सर्दीने वारंवार गाठलं, अशी नोंद आहे. दोष थंडीला दिला गेला. आज वाचताना कळतं की ती सांधेदुखी बहुधा डीकॉम्प्रेशनची होती, म्हणजे वर येताना रक्तात आणि ऊतींत सुटणाऱ्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांची. पण थंडीचा तिच्याशी काहीच संबंध नव्हता, असंही नाही. त्याकडे पुढे येतेच.

दुसऱ्या महायुद्धातले रबरी पोशाख मी भराभर ओलांडते. ब्रिटिश नौदलाच्या स्लेडन सूटला घालणाऱ्यांनीच ‘चिकट मृत्यू’ अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं, त्यावरून आतल्या दमटपणाची कल्पना यावी. खरा बदल साठच्या दशकात स्वीडनमधून आला. पोसायडन कंपनीच्या युनिसूटला हवाबंद चेन होती आणि पाठीवरच्या टाकीतून सूटमध्ये हवा भरायची सोय होती. खोल जाताना पाण्याच्या दाबाने आतली हवा आकसते आणि कपडे अंगाला चिकटून चपटे होतात. आता बटण दाबून ती हवा परत भरता येऊ लागली. आतल्या कपड्याला फुगून राहायला जागा मिळाली.

त्याच दशकात नॉर्वेच्या हेली हॅन्सनने लोकरीऐवजी कृत्रिम तंतूंचं लवदार कापड आणलं, मच्छीमारांसाठी आणि जंगलात काम करणाऱ्यांसाठी. ब्रिटनमधल्या डायव्हर्सनी त्याचे एकसंध सूट उचलले आणि नाव पडलं वूली बेअर. पलंगावरचा पहिला सूट तोच. बाहेरून निळं गुळगुळीत नायलॉन, आतून राखाडी लव, तळपायाखाली अडकवायचा इलॅस्टिकचा पट्टा. कोपरांवर आणि बैठकीवर लवीच्या बारीक गाठी झाल्यात. तो पुरुषी मापाचा आहे, कारण तेव्हा मला दुकानात दुसरं काही मिळालंच नाही. खांदे उतरलेले, कंबर घट्ट, पायांत चार बोटं जास्तीचं कापड. त्या घड्या घोट्यापाशी गोळा व्हायच्या. आणि पाण्यात उभं राहिलं की सगळी हवा खांद्यांकडे पळते, पाय सर्वांत जास्त दाबले जातात, म्हणून माझ्या नडग्यांवर त्या घड्यांचे लाल वळ उठायचे. बायकांच्या मापाचा अंडरसूट अंगात चढवायला मला पुढे कितीतरी वर्षं थांबावं लागलं. याचा राग अजून आहे.

त्याच सूटखाली पहिल्या हिवाळ्यात मी सुती बनियन घातली होती. आईने पुण्याहून पाठवलेली, पांढरी, मऊ. टाकी पाठीवर आणि कमरेला बारा किलो शिसं घेऊन मी ओल्या दगडांवरून लॉकच्या, म्हणजे स्कॉटिश सरोवराच्या, काठापर्यंत उतरले, तेव्हाच पाठ घामाने भिजली. पाण्याचं तापमान सहा अंश. पाचव्या मिनिटाला पाठीवर बर्फाची लादी ठेवल्यासारखं झालं. वीस मिनिटांनी वर आले तेव्हा बोटांनी बकल उघडेना. सोबतच्या डायव्हरने ते उघडलं. सूट आतून कोरडाच होता, पाण्याचा एक थेंब आला नव्हता. ओलावा माझा स्वतःचा होता आणि सुती कापडाने तो इमानाने धरून ठेवला होता. त्या दिवसापासून ड्रायसूटखाली सुती धागा नाही. अंगालगत मेरिनो लोकर किंवा घाम बाहेर ढकलणारं कृत्रिम कापड. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. सीबेंच्या पाणबुड्यांची निवड चुकीची नव्हती.

दुसरा अंडरसूट फ्लीसचा. १९७९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्सने हे कापड बाजारात आणलं आणि नव्वदच्या दशकात ते सगळीकडे पोचलं. हलकं, ताणलं जाणारं, चटकन वाळणारं. आठ-दहा मीटरवर उन्हाळ्यात मी ते अजूनही घालते. खोलवर मात्र ते दबतं, आणि धुतल्यावर सुटलेली लव दंडावरच्या व्हॉल्व्हच्या जाळीत जाऊन बसते. वर येताना त्याच व्हॉल्व्हमधून फुगणारी हवा बाहेर पडायची असते. ती अडकली तर माणूस फुग्यासारखा वर फेकला जाईल. म्हणून प्रत्येक धुलाईनंतर मी जाळीवरून बोट फिरवून बघते, आणि त्या व्हॉल्व्हखालचं कापड जाड नाही ना, हेही.

तिसरा थिन्सुलेटचा, आणि माझा जीव त्याच्यावर. ‘थ्रीएम’ कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विकायला काढलेलं हे भरण अतिबारीक तंतूंचं असतं. तंतू जितका बारीक, तितकी हवा जास्त जागी बांधली जाते. अमेरिकी नौदलानेही आपल्या डायव्हर्ससाठी थिन्सुलेटचे अंडरसूट वापरले. तो दिसायला गोधडीसारखा, हालचालीला जरा ताठ, चालताना कुरकुर वाजणारा. दुकानात त्याच्या शेजारी फ्लीस जास्त उबदार वाटतं, हाताला मऊ लागतं म्हणून. पण कपडा दुकानात हाताळून निवडायचा नसतो. तो दाबला गेल्यावर आणि भिजल्यावर काय करतो, हे विचारायचं असतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लोमध्ये बुडालेल्या ‘क्योल्न’ या जर्मन क्रूझरवर ३० मीटरखाली माझी मनगटाची सील फाटली आणि डावी बाही दंडापर्यंत भिजली. हात गार पडला, पण बधिर झाला नाही. नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून वाटेत घ्यायचे थांबे पूर्ण करून मी शांतपणे वर आले. या जहाजांच्या भेटीला लोक दुरून येतात. १९१९ च्या जूनमध्ये जर्मनांनी आपलाच ताफा तिथे बुडवला, त्यातली सात मोठी जहाजं अजून तळाशी आहेत. पण त्या दिवशीचं मला जहाजापेक्षा ती बाहीच जास्त आठवते.

२००७ साली अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राने एक अहवाल काढला, त्याने माझी विचाराची दिशाच बदलली. तळाशी असताना उबदार आणि वर येताना गार राहिलेल्या डायव्हर्सच्या गटात, तळाशी अर्धा तासच थांबूनही, सुमारे २२ टक्के बुड्यांत डीकॉम्प्रेशनचा त्रास झाला. उलट, तळाशी गार आणि वर येताना उबदार राहिलेल्यांत ७० मिनिटं तळाशी काढूनही तो १.३ टक्के होता. कारण समजायला सोपं आहे. ऊब असली की रक्त हातापायांपर्यंत खेळतं आणि नायट्रोजन भरभर आत जातो. वर येताना त्याच वाटेने तो बाहेर पडायला हवा, तर थंडीने वाट आवळलेली असते. पॅस्ली यांच्या पाणबुड्यांचं दुखणं आणि थंडी, दोन्ही एकाच धाग्याची टोकं होती.

तेव्हापासून माझ्या चौथ्या सूटकडे मी वेगळ्या नजरेने बघते. हा बॅटरीवर तापणारा बंडीचा थर. तो मी पाण्यात उतरतानाच चालू करत नाही. परतीच्या थांब्यांवर करते. आणि बॅटरी बंद पडली तरी निभावेल इतका जाड कपडा अंगात असल्याशिवाय उतरत नाही. वायूंचं मी थोडक्यात सांगते: हेलियम असलेलं मिश्रण सूटमध्ये भरायचं नाही, हेलियम हवेच्या सुमारे सहापट उष्णता वाहून नेतो. आर्गॉन हवेपेक्षा कमी वाहतो, पण त्याच्या फायद्याबद्दल चाचण्यांचं एकमत नाही. तो पैसा मी चांगल्या अंडरसूटमध्ये घालीन.

भाचा मार्चमध्ये पोचेल. तेव्हा इथला समुद्र वर्षातला सर्वांत गार असतो. दुकानात त्याला अंडरसूट चढवून वर ड्रायसूट घालायला सांगणार आहे, उकिडवं बसायला लावणार आहे, आणि टाकीच्या नळीपर्यंत मागे हात पोचतो का ते बघणार आहे. जितकी ऊब जास्त तितकी हवा जास्त, आणि हवा जास्त तितकं शिसं जास्त, हे त्याला काठावरच तोलून दाखवीन. माझा थिन्सुलेट त्याच्या खांद्यांत बसणार नाही. मेरिनोचे मोजे मात्र दोन जोड आणून ठेवलेत, सैल मापाचे. घट्ट मोज्यात रक्त अडतं आणि पाय आधी गारठतात. बूट एक नंबर मोठा घे, असा निरोप कालच पाठवला.