प्रवाळाचं हाड

ट्रीचर कॉलिन्स या जन्मजात व्याधीच्या बाळाच्या डोळ्याखाली बोट टेकवलं, तर जिथे हाड लागायला हवं तिथे मऊच लागतं. गालाचं हाड अपुरं असतं, कधी नसतंच. टेकू नसल्यामुळे खालची पापणी बाहेरच्या कोपऱ्याकडे ओघळते. साधारण 50,000 जन्मांमागे असं एखादं मूल. बुद्धी बहुधा अगदी चांगली असते. लोक चेहरा बघून भलतंच समजतात, म्हणून हे आधीच सांगते.

अशा चेहऱ्यांची हाडं सुटी करून नव्याने रचता येतात, हे फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल तेसिए यांनी 1967 साली रोमच्या परिषदेत जगापुढे मांडलं. त्यांची भिस्त रुग्णाच्याच बरगडीच्या, कंबरेच्या, कवटीच्या हाडावर होती. आजही ते हाड पहिल्या पसंतीचं. पण त्यासाठी शरीरावर दुसरी जखम करावी लागते, आणि बसवलेलं हाड हळूहळू झिजू शकतं.

पर्याय सापडला तो समुद्रात. 1974 साली रॉय आणि लिनेहान या संशोधकांनी प्रवाळाचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणात उष्णता आणि दाबाखाली ठेवला. चुनखडीचं हायड्रॉक्सिअपेटाइट झालं, म्हणजे आपल्या हाडातलं मुख्य खनिज. छिद्रांची जाळी मात्र जशीच्या तशी राहिली. ती छिद्रंच मोलाची. त्यांतून रक्तवाहिन्या आत शिरतात, मागोमाग हाड भरत जातं. दोष एवढाच, की ते ठिसूळ. स्क्रू आवळताना तडकू शकतं.

दुसरा पर्याय म्हणजे सच्छिद्र पॉलिइथिलीन हे प्लास्टिक; ते तसं तडकत नाही. पांढरंशुभ्र, बारीक कण तापवून एकमेकांना चिकटवलेलं. सर्जन ते सुरीने तासतात, कढत सलाइनमध्ये बुडवून नरम करतात, वाकवतात, हाडावर धरून बघतात, परत तासतात. मग टायटेनियमचे स्क्रू. पुढे छिद्रांत ऊती रुजतात आणि तुकडा जागचा हलत नाही.

पण तो मुलाबरोबर वाढत नाही. वरची कातडी पातळ असली तर तो उघडा पडू शकतो, आणि जंतुसंसर्ग झाला तर काढावाही लागतो. म्हणून घाई करायची नसते. गालाच्या हाडाची बरीचशी वाढ सातव्या वर्षाच्या आसपास होऊन गेलेली असते. तोवर थांबणं बरं.

तोवर बाळाचा श्वास आणि दूध सांभाळायचं. कानाची वाट बंद असली तर डोक्याला मऊ पट्ट्याने एक छोटं श्रवणयंत्र बांधतात, अगदी काही महिन्यांच्या बाळालाही. ते कवटीच्या हाडातून आवाज आत पोचवतं.