शिकणारा एक, निघणारे सारे घर

चाकूरहून लातूरला जाऊन खोली करणे आमच्याकडच्या घरांना नवे नाही. पोरगा किंवा पोरगी दहावीला चांगले गुण घेऊन बाहेर पडली की घरात ‘लातूर पॅटर्न’ची चर्चा सुरू होते. अम्मी मुलांबरोबर लातूरला राहायला जाते, अब्बा आठवड्याला पीठ, डाळ, भाजी पोहोचवतात आणि दादी चाकूरचे घर सांभाळते. दोन वर्षे एक संसार दोन चुलींवर चालतो, तरी कोणी कुरकुर करत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी घर हलवावे लागते, ही गोष्ट आम्ही केव्हाच मान्य केली आहे.

पण शिकायला निघालेले मूल नसून मुलांचा बाप असेल तर? किंवा आई असेल तर? आणि जायचे ठिकाण लातूर नसून लंडन किंवा बर्लिन असेल तर? मग मात्र आमचा सूर बदलतो. “आता काय शिकायचे वय आहे का?” हा पहिला प्रश्न. “बायकोला माहेरी ठेव आणि जाऊन ये,” हा पहिला सल्ला. शिकणारी स्त्री असेल तर सल्ला द्यायचीही गरज वाटत नाही, विषय तिथेच संपतो.

आज मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांतून अभियंते, डॉक्टर, प्राध्यापक तयार होत आहेत. त्यांतले काही जण निकाहानंतर, एखाद-दुसरे मूल झाल्यावर, एम.एस. किंवा पीएच.डी.साठी परदेशाचा विचार करतात. म्हणून या प्रश्नाकडे भावनेच्या भरात नव्हे, तर हिशेबाने पाहण्याची वेळ आली आहे. आमचे म्हणणे एवढेच की प्रवेशपत्रावर नाव एकाचे असले, तरी निर्णय साऱ्या घराचा आहे. जिचे किंवा ज्याचे नाव त्या पत्रावर नाही, त्या जोडीदाराचे मत आधी विचारले पाहिजे.

मागे राहिलेली घरे

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलैमध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले, तेव्हा त्यांचा मुलगा यशवंत अवघ्या सात महिन्यांचा होता. शिष्यवृत्ती एकट्यापुरती होती. रमाई मुंबईत राहिल्या. बाबासाहेब तिथून लंडनला गेले आणि १९१७ मध्ये परतले. १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये आले. या सगळ्या वर्षांत परळच्या चाळीतला संसार रमाईंनी ओढला. त्यांना झालेल्या पाच मुलांपैकी एकटा यशवंत जगला. पुढे बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. त्या पदव्यांमागे कोणाचे कष्ट होते, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले.

अल्लामा इक्बाल १९०५ मध्ये केंब्रिजला गेले, तेव्हा त्यांनाही दोन मुले होती. पत्नी करीम बीबी आणि मुले मागे राहिली. १९०८ मध्ये ते बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन परतले. तो संसार आधीपासूनच फारसा जुळलेला नव्हता. परतल्यावरही त्याची घडी बसली नाही.

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली एक रिवायत वाचकांनी ऐकली असेल. रात्री मदिन्यात गस्त घालताना एका घरातून त्यांना पतीच्या विरहाने व्याकूळ झालेल्या स्त्रीचा आवाज आला. तिचा नवरा मोहिमेवर होता. तेव्हा त्यांनी आपली कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले की, स्त्री पतीवाचून किती काळ सबुरी धरू शकते? उत्तर मिळाले, चार महिने; काही रिवायतींत सहा महिने आहेत. त्यानंतर सैनिकांना त्याहून अधिक काळ घरापासून दूर ठेवू नये, असा हुकूम निघाला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, राज्याचा नियम ठरवताना खलिफांनी प्रश्न स्त्रीला विचारला. आम्ही तीन-चार वर्षांची ताटातूट ठरवतो आणि घरातल्या सुनेला ती बातमी म्हणून सांगतो.

आई शिकते, तेव्हा

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. पती वारल्यानंतर १८८३ मध्ये त्या दोन वर्षांच्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. इथे आपल्याला त्यांच्याकडे एक शिकणारी आई म्हणून पाहायचे आहे. वाँटेजच्या मठातून त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये गेल्या. स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. या काळात मनोरमाला बऱ्याचदा मठातल्या भगिनींच्या हवाली ठेवावे लागले.

आणि तिथेच वाद उभा राहिला. मुलीला काय शिकवायचे, तिच्यावर कोणते संस्कार करायचे, हे आईने ठरवायचे की सांभाळणाऱ्यांनी? ज्यांच्या आधारावर राहायचे त्यांच्याशीच भांडायचे, ही सोपी गोष्ट नव्हती. तरी रमाबाईंनी पत्रांतून ठामपणे लिहिले की मुलगी आपल्या देशातल्या माणसांपासून तुटता कामा नये, त्यांच्यातलीच एक म्हणून वाढली पाहिजे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या मनोरमाला घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या. पुढे अमेरिकेतल्या कामाच्या धावपळीत लेकीला इंग्लंडला परत पाठवावे लागले. १८८९ मध्ये मुंबईत परतल्यावर त्यांनी ‘शारदा सदन’ ही शाळा काढली.

मूल बरोबर नेले म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही, हे यावरून दिसते. आई वर्गात असताना मूल कोणाजवळ आहे आणि ते तिथे काय शिकते आहे, हा प्रश्न पाळणाघरात आजही तसाच उभा असतो.

आजचे नियम काय सांगतात?

पूर्वी पैसा हीच मुख्य अडचण होती. आता व्हिसाचे नियमच ठरवतात की कुटुंब बरोबर येईल की नाही. एजंट प्रवेशाबद्दल भरभरून बोलतात आणि या विषयावर घाईघाईने पुढे जातात. म्हणून थोडक्यात मांडतो.

ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या साध्या मास्टर्स अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना पती, पत्नी वा मुले नेण्यास बंदी केली आहे. पीएच.डी. किंवा संशोधनावर आधारित पदवी असेल, किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल, तरच कुटुंब जाऊ शकते. तेव्हाही लंडनबाहेर राहायचे असेल तर प्रत्येक अवलंबितामागे महिना ६८० पौंड आणि लंडनमध्ये ८४५ पौंड, असे नऊ महिन्यांपर्यंतचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. शिवाय आरोग्य सेवेचा अधिभार माणशी वर्षाला ७७६ पौंड. चार माणसांच्या घराने हा गुणाकार चाकूरमध्येच कागदावर करून पाहावा. सरकारी शाळेत मुलांना फी नाही आणि जोडीदाराला काम करता येते, ही जमेची बाजू.

अमेरिकेत विद्यार्थ्याचे कुटुंब एफ-२ व्हिसावर जाते. मुले सरकारी शाळेत शिकू शकतात, पण जोडीदाराला नोकरी करता येत नाही. इथे शाळेत शिकवणारी, स्वतःचा पगार आणणारी स्त्री तिथे चार-पाच वर्षे पूर्णपणे नवऱ्याच्या विद्यावेतनावर अवलंबून होते. हे आधी माहीत असणे आणि विमानतळावरून घरी पोहोचल्यावर कळणे, यात फार फरक आहे. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा कामाचा परवाना आवळला आहे. तो आता मुख्यतः किमान १६ महिन्यांचे मास्टर्स, डॉक्टरेट आणि काही निवडक व्यावसायिक अभ्यासक्रम यांच्यापुरता उरला आहे.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मात्र विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो बंद खात्यात दाखवावे लागतात आणि कुटुंबासाठी वेगळी तरतूद लागते. मागाहून येणाऱ्या जोडीदाराला साधारणपणे सुरुवातीचे जर्मन यावे लागते. पीएच.डी. करणारे पुष्कळ जण तिथे विद्यापीठात करारावर पगारी काम करतात, त्यामुळे संसार थाटणे त्यांना तुलनेने सोपे जाते. हे आकडे आणि नियम बदलत राहतात. पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः खात्री करावी.

पैशाच्या बाबतीत आमच्या घरांपुढे आणखी एक पेच असतो, तो व्याजाचा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाला मदत करणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. म्हणून संसारी माणसाने आधी विद्यावेतन देणारी जागा शोधावी आणि मगच स्वप्न रंगवावे. जर्मनीच्या ‘डाड’ संस्थेसारख्या काही शिष्यवृत्तींत ठरावीक अटींवर कुटुंबासाठी जादा रक्कम मिळते. अर्ज करतानाच तसे विचारून घ्यावे. बहुतेक ठिकाणी मात्र हिशेब एकाच माणसाचा असतो.

तिथला दिवस

परदेशातला विद्यार्थी सकाळी बाहेर पडतो. त्याला प्रयोगशाळा आहे, मार्गदर्शक आहेत, सोबती आहेत. घरात राहणाऱ्या जोडीदाराला यांतले काहीच नसते. चाकूरमध्ये मूल रडले तर शेजारची खाला येऊन उचलून घेते. तिथे शेजारी भिंतीपलीकडे असतो, पण दार वाजवत नाही. आजारपण, बाळंतपण, हिवाळ्यात चार वाजता पडणारा अंधार, हे सगळे दोघांनीच पार पाडायचे असते. म्हणून जाण्याआधी त्या गावात मशीद कुठे आहे, हलाल मटण कुठे मिळते, याबरोबरच तिथे स्त्रियांचे एकत्र येणे होते का, भाषेचा वर्ग आहे का, हेही विचारावे. युरोपात रमजान उन्हाळ्यात आला तर रोजा सतरा-अठरा तासांचा होतो. ईदच्या दिवशीही कॉलेज असते, सुट्टी मागून घ्यावी लागते.

मुलांचे तर आणखी वेगळे. आमच्या घरांत मूल अम्मीशी दखनी बोलते, गल्लीत मराठी बोलते आणि मदरशात अरबी हरफ गिरवते. तीन भाषांत वाढलेले हे मूल परदेशी शाळेत वर्षभरात तिथली चौथी भाषा फाडफाड बोलू लागते आणि आधीच्या तिन्ही हळूहळू विसरते. चाकूरला इशाची अजान होते तेव्हा इंग्लंडमध्ये दुपार असते, मुले शाळेतून सुटायच्या बेतात असतात. तो वेळ दादी-नानीसाठी राखून ठेवावा. फोनवर नुसते ‘कसा आहेस’ न विचारता दादीने गोष्ट सांगावी. ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, रोज अर्धा तास मराठी वाचन झाले तर परतल्यावर तिसरीच्या वर्गात मूल मुके होऊन बसणार नाही.

कागदपत्रांतली एक बाब विसरू नये. मूल परदेशात जन्मले तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी, नाहीतर त्याच्या भारतीय नागरिकत्वाला अडचण येते. ब्रिटनमध्ये जन्मले म्हणून तिथले नागरिकत्व आपोआप मिळत नाही. परतताना मुलांच्या शाळेचे दाखले आणि लसीकरणाचे कार्डही बरोबर आणावे.

निर्णय कोणी घ्यायचा?

सर्वांनी बरोबरच जावे, असे आम्ही म्हणत नाही. कधी वृद्ध आई-वडील असतात, कधी शेती असते, कधी नियमच आडवे येतात. वेगळे राहायचे ठरले तर तेही दोघांच्या संमतीने ठरावे. किती महिन्यांनी भेट होणार, त्या तिकिटाचे पैसे कुठून येणार, घरखर्चाची रक्कम कोणाच्या खात्यात जमा होणार, सून सासरी राहणार की माहेरी, हे निघण्याआधी ठरवून घ्यावे. बरोबर जायचे ठरले तर जोडीदार त्या वर्षांत काय करणार, हेही तितकेच महत्त्वाचे. एखादा भाषेचा अभ्यासक्रम, एखादे कौशल्य, परवानगी असेल तर नोकरी. नवरा डॉक्टरेट होऊन परतला आणि पत्नी होती तिथून दोन पायऱ्या खाली आली, तर घराच्या हिशेबात ती तूटच आहे.

आणि शिकायला निघालेली सून किंवा लेक असेल, तर लातूरची खोली आठवावी. पोरांच्या बारावीसाठी दोन वर्षे चाकूरच्या घरात एकटे राहून हाताने भाकरी करणारे अब्बा आमच्यात आहेत. पत्नीच्या पदवीसाठीही तसेच करणारे नवरे आमच्यात असायला हवेत. ते घरात आहेत का, हे अर्ज भरण्याआधी जेवणाच्या दस्तरखानावर सगळ्यांनी मिळून विचारावे.