भरी कुर्सी, खाली कुर्सी

मतदान केंद्रात शिरलेल्या माणसासमोर दोन चित्रं आहेत. एकात खुर्ची आहे आणि तिच्यावर कुणीतरी बसलेलं आहे. दुसऱ्यात तीच खुर्ची रिकामी. कमळ नाही, पंजा नाही. जो आत्ता नगराध्यक्ष आहे त्याला बसू द्यायचं असेल तर भरलेल्या खुर्चीला मत द्या, उठवायचं असेल तर रिकाम्या खुर्चीला. छत्तीसगढात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात या मतदानाला लोक 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' म्हणतात.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्या दोन चित्रांचाच विचार करत होते. आपल्याकडे गावोगावी, वॉर्डावॉर्डात एकच भांडण चालू असतं: पैसा आला किती, गेला कुठे, नाली कागदावर झाली की जमिनीवर. सत्ताधारी म्हणतात विरोधक बदनामी करतात, विरोधक म्हणतात सत्ताधाऱ्यांनी खाल्लं. पक्ष बदलतात तेव्हा संवाद तेच राहतात, फक्त बोलणारे बदलतात. आणि इथे कुणीतरी त्या सगळ्या कोलाहलातून एक प्रश्न गाळून काढला आणि त्याचं चित्र केलं. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही ते कळतं.

या मतदानामागची यंत्रणा मोठी सुंदर आहे. मध्य प्रदेशच्या 1961 च्या नगरपालिका कायद्यात 47 वं कलम आहे, नगराध्यक्षाला परत बोलावण्याचं. 1 नोव्हेंबर 2000 ला छत्तीसगढ वेगळं झालं तेव्हा हा कायदा नव्या राज्याकडे वारशाने आला. निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी किमान तीन चतुर्थांशांनी सह्या करायच्या आणि प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्याच्या हाती द्यायचा. तो सह्या तपासतो, सरकारकडे पाठवतो, तिथून विषय राज्य निवडणूक आयोगाकडे जातो, आणि मग गावाला विचारलं जातं. झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त रिकाम्या खुर्चीला पडली, की अध्यक्षाचं पद त्या क्षणी गेलं. निवडून आल्यावर सुरुवातीची काही वर्षं हात लावता येत नाही. आणि पूर्ण कारकिर्दीत हे एकदाच करता येतं.

त्या शेवटच्या अटीवर जरा थांबा. भांडण सुरू करण्याचा हक्क नगरसेवकांना आहे, ते संपवण्याचा मात्र नाही. प्रस्तावावर सही करणारा प्रत्येक जण एक जुगार खेळत असतो. गावाने भरलेल्या खुर्चीला मत दिलं, तर ज्याला घालवायचं होतं तो गावाचा ताजा शिक्का घेऊन परत येतो, आणि उरलेली वर्षं त्याच्यावर हेच हत्यार पुन्हा चालवता येत नाही. मध्य प्रदेशात असे बरेच अध्यक्ष टिकले आहेत. म्हणजे खोटं भांडण महाग पडतं. संसदेतल्या किंवा विधानसभेतल्या आरोपाला अशी किंमत नसते.

छत्तीसगढात 2008 च्या जूनमध्ये नवागढ, गुंडरदेही आणि राजपूर या तीन छोट्या गावांनी मतदान केलं आणि तिन्ही ठिकाणी खुर्ची रिकामी झाली. ही गावं राज्याबाहेर किती जणांनी ऐकली असतील? मला ती फार मोठी वाटतात. प्रतिनिधीला परत बोलावण्याचा हक्क मतदाराला हवा, हे 1925 च्या हिंदुस्थान रिपब्लिकन असोसिएशनच्या जाहीरनाम्यात लिहिलेलं होतं. 1974 मध्ये सी. के. चंद्रप्पन यांनी लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक आणलं, वाजपेयींनी पाठिंबा दिला, विधेयक काही पास झालं नाही. खासदार-आमदारांना आजही कुणी परत बोलावू शकत नाही. कॅलिफोर्नियाने 2003 मध्ये ग्रे डेव्हिस या गव्हर्नरला असं घरी पाठवलं तेव्हा जगभर बातमी झाली. आणि त्यानंतर पाचच वर्षांनी गुंडरदेहीचा शेतकरी तेच करून, बोटाला शाई लावून, घरी जेवायला गेला.

मराठी वाचकाला या चित्रांची ओळख खरं तर आधीपासून आहे. आपल्याकडे उभी बाटली आणि आडवी बाटली आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं की ठेवायचं, यासाठी बायका मतदान करतात, आणि आडव्या बाटलीला मत म्हणजे दुकान बंद. पण इथे गणित वेगळं होतं, आणि ते गणित समजलं की लोकशाहीतल्या आकड्यांकडे बघण्याची नजर बदलते. 2008 च्या आदेशाप्रमाणे झालेल्या मतांच्या निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे जी बाई शेतावर गेली, माहेरी गेली, नवऱ्याच्या भीतीने घरी बसली, तिचं न दिलेलं मतही उभ्या बाटलीच्या पारड्यात पडतं. खुर्चीच्या मतदानात न आलेला माणूस खरोखरच मोजला जात नाही. मोजायचं कुणाला, एवढ्या एका ओळीवर दुकान उघडं राहतं किंवा खुर्ची रिकामी होते.

आता छत्तीसगढातल्याच अशा एका शहराकडे येऊ जिथे खुर्चीवर कुणाला बसवायचं हे लोकांना विचारलंच गेलं नाही: बीरगांव. नागपूरहून हावड्याच्या गाडीने पूर्वेला गेलं की रायपूर येतं, आणि रायपूरच्या उत्तर अंगाला, बिलासपूरच्या वाटेवर भनपुरी ओलांडली की बीरगांव. उरला आणि सिलतराचे कारखाने इथे जवळच, स्पंज आयर्न आणि रोलिंग मिल. कामगारांची वस्ती, लाखाच्या आसपास लोक, आणि स्वतःची महानगरपालिका. 40 वॉर्ड. डिसेंबर 2021 मध्ये निवडणूक झाली. काँग्रेस 19, भाजप 10, जनता काँग्रेस छत्तीसगढ 5, अपक्ष 6. बहुमताला 21 हवेत, म्हणजे सर्वांत मोठ्या पक्षालाही दोन कमी. अपक्षांच्या मदतीने काँग्रेसचे नंदलाल देवांगन महापौर झाले.

'झाले' म्हणजे कसे, हे इथे फार महत्त्वाचं आहे. बीरगांवच्या मतदाराने त्यांना महापौर म्हणून मत दिलेलं नव्हतं. 2019 मध्ये भूपेश बघेल सरकारने थेट निवड बंद केली होती, आणि महापौर निवडण्याचं काम नगरसेवकांकडे गेलं होतं. भाजपने तेव्हा टीका केली. डिसेंबर 2024 मध्ये विष्णुदेव साय सरकारने थेट निवड परत आणली. आपल्या सरपंचाच्या निवडीचा प्रवासही असाच आहे: 2017 मध्ये थेट, 2020 मध्ये सदस्यांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. सरकार बदललं की खुर्चीकडे जाणारी पायरी बदलते.

वरवर हा तांत्रिक बदल वाटतो. पण दोन खुर्च्यांची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून बघा. ज्याला लोकांनी बसवलं त्यालाच लोक उठवू शकतात. ज्याला नगरसेवकांनी बसवलं, त्याला उठवायचं तर अविश्वास ठराव येतो, आणि तो सभागृहातच सुरू होतो आणि सभागृहातच संपतो. 40 जणांच्या बेरजा-वजाबाक्या. तिथे दोन अपक्ष इकडून तिकडे गेले की पैशाचा हिशेब न बदलता निकाल बदलतो. उरल्याच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून आलेल्या, पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला हे भांडण ऐकू येतं, पण त्याचं मत कुणी विचारत नाही. पैसा त्याचा असतो. मालमत्ता कर तो भरतो, केंद्राच्या वित्त आयोगाचं अनुदान त्याच्या नावावर, त्याच्या शहराच्या डोक्यांच्या हिशेबात येतं. मला यात मनापासून वाईट वाटतं, आणि हे कुठल्या एका पक्षाबद्दल नाही.

पैसा करदात्याचा, पण जाब विचारण्याचा हक्क त्याला नाही, हाच पेच मुंबईने दीडशे वर्षांपूर्वी पाहिला होता. आर्थर क्रॉफर्ड 1865 मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. झपाटलेला माणूस. गटारं, रस्ते, स्वच्छता, आणि ती मंडई, जिला आज आपण महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतो. शहर चकाचक झालं आणि तिजोरी रिकामी झाली. 1871 मध्ये करदाते भडकले. क्रॉफर्डना हटवा, एवढीच हाक. त्या गदारोळात विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला एक सव्वीस वर्षांचा तरुण उभा राहिला आणि म्हणाला की दोष या माणसात शोधू नका. पैसे खर्च करणाऱ्याला जाब विचारणारी, करदात्यांनी निवडलेली सभा इथे नाहीच, ती आधी तयार करा. लोक त्याच्यावर चिडले. त्याचं नाव फिरोजशहा मेहता. 1872 च्या कायद्याने 64 सभासदांचं कॉर्पोरेशन आलं, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. आणि 1888 चा मुंबई महानगरपालिका कायदा, ज्याच्यावर मेहतांचा ठसा आहे, आजही चालू आहे. महापालिकेच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा आहे. बोरीबंदरला उतरणारे लाखो लोक रोज त्याच्या जवळून जातात.

(1888 मध्ये हेच क्रॉफर्ड पुण्यात लाचलुचपतीच्या प्रकरणात अडकले, आणि त्यांच्या दबावाने पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांची बाजू टिळकांनी लढवली. म्हणजे माणसात दोष नव्हताच असंही नाही. पण कमिशनर कोण आहे यावर मुंबईची तिजोरी अवलंबून राहू नये, हा मेहतांचा मुद्दा त्याने खोटा पडत नाही.)

त्याच्याही मागे जायचं तर कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूरला जावं लागेल. तिथल्या वैकुंठ पेरुमाळ देवळाच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, इसवी सन 920 च्या सुमाराचे शिलालेख आहेत. गावाच्या 30 पेठा. प्रत्येक पेठेतल्या पात्र लोकांची नावं ताडपत्रांच्या तुकड्यांवर लिहायची, मडक्यात टाकायची, आणि एका लहान मुलाने हात घालून एक काढायचं. अटी कडक: वय 35 ते 70, करदेय जमीन, स्वतःच्या जागेवर घर, विद्या. बायका नाहीत, भूमिहीन नाहीत, तेव्हा हिला लोकशाही म्हणताना मला जपून बोलावंसं वाटतं. पण एक अट वाचून अंगावर काटा येतो. जो पूर्वी समितीवर होता आणि ज्याने हिशेब दिला नाही, त्याचं नाव मडक्यात पडणार नाही. त्याचंच काय, त्याच्या नातेवाइकांचंही नाही.

अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी-हातोडा घेऊन हे दगडात कोरलं. हिशेब न देणं हा एकट्याचा दोष राहत नाही, घराला लागतो, हे त्या गावाला ठाऊक होतं. अथेन्सच्या अधिकाऱ्यालाही वर्ष संपलं की हिशेब तपासून घेतल्याशिवाय शहर सोडता येत नसे. एवढ्या लांबच्या दोन जागा, एकमेकींना न विचारता, एकाच ठिकाणी येऊन पोचल्या.

आज हे काम लेखापरीक्षण करतं. राज्यघटनेच्या 243 झेड कलमाने नगरपालिकांच्या हिशेबतपासणीची व्यवस्था राज्यांच्या कायद्यावर सोपवली. तपासनीस आक्षेप लिहितो, महापालिका उत्तर देते, आक्षेप वर्षानुवर्षं लटकत राहतो. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्या कागदांना खुर्ची रिकामी करता येत नाही. वॉर्ड समित्या राज्यघटनेने सक्तीच्या केल्या, पण तीन लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या शहरांपुरत्या. बीरगांव त्या रेषेच्या खूप खाली आहे.

11 फेब्रुवारी 2025 ला रायपूरच्या मतदारांनी दोन मतं दिली, एक नगरसेवकाला, एक थेट महापौराला. राज्यातल्या दहा महापालिकांमध्ये त्या दिवशी असंच झालं. बीरगांव त्यात नव्हतं, त्याची मुदत संपायची होती. भनपुरीच्या अलीकडचा मजूर आपल्या महापौरासाठी स्वतः मत देऊन आला, आणि पलीकडचा, कदाचित त्याच कारखान्यातला, त्याच पाळीतला, त्याच्या बोटावरची शाई बघत कामाला लागला.